हलाल टुरिझममधले रिसर्च ट्रेंड्स शोधायचेत? मग तो बार चार्ट जरा बाजूला ठेवा

हलाल टुरिझम (मुस्लिम प्रवाशांचं धर्माच्या चौकटीत राहून होणारं पर्यटन) हा टॉपिक घेऊन एमबीए, टुरिझम मॅनेजमेंट किंवा पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला गाईड पहिल्या मीटिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो, "आधी रिसर्च ट्रेंड्स बघून ये." आता बघून ये म्हणजे नक्की काय करून ये हे काही कोणी सांगत नाही. मग आपण काय करतो, डेटाबेसमध्ये एक शब्द टाकतो, कुठल्या वर्षी किती पेपर आले त्याचा बार चार्ट काढतो, तो छान वर चढताना दिसतो, खाली "या क्षेत्रातील संशोधन झपाट्याने वाढत आहे" असं एक वाक्य टाकतो आणि मोकळे होतो. मीपण अगदी हेच केलं होतं. गाईडने चार्टवर बोट ठेवून एवढंच विचारलं की २०१६ ला ही एवढी उडी का आहे, आणि माझी बोबडी वळली, कारण मी २०१६ चा एकही पेपर धड वाचलेला नव्हता, नुसते मोजले होते.

तर हे जे खाली लिहितोय ते त्यानंतरच्या दीड वर्षात ठेचा खाऊन शिकलेलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे, पेपरांची संख्या वाढली हा ट्रेंड नव्हेच, लोक जो प्रश्न विचारत होते तो कधी आणि का बदलला हे सापडलं तर तो ट्रेंड. आणि ते शोधायला सॉफ्टवेअर लागतं थोडं, वाचावं लागतं जास्त.

नावाचा घोळ आधी निस्तरा

या विषयाला एक नाव नाहीये. हलाल टुरिझम, इस्लामिक टुरिझम, मुस्लिम फ्रेंडली टुरिझम, शरिया टुरिझम, शरिया कम्प्लायंट हॉटेल, हलाल ट्रॅव्हल, इस्लामिक हॉस्पिटॅलिटी, सगळं चालतं. त्यात शरियाचं इंग्रजी स्पेलिंग तीन चार तऱ्हेने लिहितात, शेवटी एच लावून, न लावता, मधे ॲपॉस्ट्रॉफी टाकून, आणि इंडोनेशियातले लोक एसच्या पुढे वाय लावून लिहितात. म्हणजे एकाच स्पेलिंगवर सर्च केला की एका अख्ख्या देशाचे पेपर हातातून जाऊ शकतात.

माझी पहिली चूक ही की मी फक्त "हलाल टुरिझम" हा जोडशब्द अवतरण चिन्हात टाकून सर्च केला. रिझल्ट सुटसुटीत आले, मी खूश. नंतर कळलं की या विषयाचा पाया म्हणून ज्याला सगळे सायट करतात तो कादर दिन यांचा १९८९ चा ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्चमधला पेपर माझ्या यादीत नाहीच, कारण त्याचं शीर्षक "इस्लाम अँड टुरिझम" असं सुरू होतं. जोन हेंडरसन यांचा २००३ चा मलेशियावरचा पेपर, त्याच्याही शीर्षकात टुरिझम आणि इस्लाम वेगवेगळे उभे आहेत. जफर जफरी आणि नोएल स्कॉट यांचा २०१४ चा पेपर तर मुस्लिम वर्ल्ड आणि त्याचे टुरिझम्स अशा अनेकवचनी नावाचा. थोडक्यात काय, जोडशब्द पक्का होण्याआधीचं जे काही लिहिलं गेलं ते सगळं जोडशब्दाच्या सर्चमधून निसटतं, आणि मग तुमच्या चार्टमध्ये विषय २०१० नंतर अचानक जन्मला असं दिसतं. तो जन्मला नव्हता, त्याचं बारसं झालं होतं फक्त.

उपाय असा की सर्चचे दोन गट करायचे. पहिल्या गटात हलाल, इस्लाम, मुस्लिम, शरियाची सगळी स्पेलिंगं, दुसऱ्या गटात टुरिझम, ट्रॅव्हल, हॉटेल, हॉस्पिटॅलिटी, डेस्टिनेशन. प्रत्येक गटात आतमध्ये ऑर, दोन गटांच्या मधे अँड, आणि शब्दाच्या शेवटी चांदणी (*) टाकायची म्हणजे टुरिस्ट, टुरिझम, टुरिस्टिक सगळं एकदम येतं (टाईप अर्थातच इंग्रजीत करायचं, मी इथे मराठीत सांगतोय). आता यात कचरा पण बदाबदा येतो. मुस्लिम आणि ट्रॅव्हल हे दोन शब्द एकत्र आले की हजच्या गर्दीतले श्वसनाचे आजार, मेनिंजायटिसची लस, असे मेडिकलचे पेपर ढिगाने येतात. हलाल म्हटलं की मांसाची सप्लाय चेन, जिलेटिन, कॉस्मेटिक्स येतं. इस्लामिक म्हटलं की बँकिंग आणि जुन्या वास्तू.

हा कचरा कमी करायला जवळीक दाखवणारे ऑपरेटर वापरा, बहुतेकांना माहीतच नसतात. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे रिसर्च पेपरांचे दोन मोठे डेटाबेस, त्यातल्या स्कोपसमध्ये डब्ल्यू स्लॅश आणि आकडा, वेब ऑफ सायन्समध्ये निअर स्लॅश आणि आकडा. म्हणजे दोन्ही शब्द एकमेकांपासून तीन शब्दांच्या आत असतील तरच पेपर दाखव असं सांगता येतं, आणि दिन यांच्यासारखी शीर्षकं सुटत नाहीत. सब्जेक्ट एरियाचा फिल्टर मात्र जपून लावा. मी बिझनेस आणि सोशल सायन्स एवढंच ठेवलं आणि नंतर बघतो तर काही चांगले पेपर ह्युमॅनिटीज आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या खात्यात पडलेले, कारण जर्नल त्या खात्यात होतं. पेपर जर्नलच्या खात्यावरून फिल्टर होतो, त्यात काय लिहिलंय त्यावरून नाही, हे डोक्यात पक्कं बसवा.

हज आणि उमरा (हजशिवाय इतर वेळी करता येणारी मक्केची यात्रा) यांचं काय करायचं हे सर्चच्या आधी ठरवा, मधे नाही. हा वाद जुना आहे. एक मत असं की हज ही इबादत म्हणजे उपासना आहे, ते रिलिजस टुरिझम किंवा तीर्थयात्रेचं स्वतंत्र शास्त्र आहे, हलाल टुरिझम म्हणजे मुस्लिम माणूस समुद्रावर, डोंगरात, शॉपिंगला, कुठेही फिरायला जातो पण धर्माच्या चौकटीत राहून. दुसरं मत असं की इस्लामिक टुरिझममध्ये दोन्ही येतं. इथेच नियत हा शब्द येतो, म्हणजे प्रवास कुठल्या हेतूने केला यावर काही जण इस्लामिक आणि हलाल यातला फरक ठरवतात. मोहम्मद बत्तूर आणि इस्माईल यांच्या २०१६ च्या पेपरातली व्याख्या खूप जण वापरतात, तिचा मथितार्थ एवढाच की इस्लामी शिकवणीप्रमाणे मुस्लिमांना जे पर्यटनात वापरायला किंवा करायला मुभा आहे ते हलाल टुरिझम. म्हणजे तिथे हेतूपेक्षा मुभा मोठी. तुम्ही कुठल्याही बाजूला उभे रहा पण लिहून ठेवा, कारण हज घेतला की नाही यावर तुमचा सगळा नकाशा (कुठले शब्द आणि पेपर एकमेकांशी जोडलेले आहेत याचं चित्र) बदलतो.

कुठला डेटाबेस

कॉलेजकडे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स असेल तर त्यातला एक घ्या. एकच. दोन्ही घेऊन जोडायचा मोह होतो पण डुप्लिकेट काढता काढता आठवडा जातो आणि व्हॉसव्ह्यूअर (असे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर) तर दोन डेटाबेसच्या फाईली एकत्र घेतच नाही (बिब्लिओमेट्रिक्स हे आर या प्रोग्रॅमिंग भाषेचं पॅकेज जोडून देतं पण त्यातही हाताने तपासावं लागतं). सबस्क्रिप्शन नसेल तर द लेन्स, डायमेन्शन्स, ओपनॲलेक्स हे फुकटात बरंच देतात. गुगल स्कॉलर शोधायला उत्तम, मोजायला वाईट, कारण एका सर्चमध्ये हजारापुढचे रिझल्ट तो दाखवतच नाही आणि त्यात थिसिस, प्रेझेंटेशन, कॉपी केलेले पीडीएफ सगळं एकाच पंगतीला बसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र या विषयात खास आहे. इंडोनेशियात या विषयावर त्यांच्या भाषेत प्रचंड लिहिलं जातं, विसाता हलाल, पारिविसाता हलाल, पारिविसाता शरिया अशा नावांनी, आणि त्यातलं बरंचसं त्यांच्या गरुडा आणि सिंता या पोर्टलवर सापडतं, स्कोपसमध्ये नाही. (हो, गरुडाच. गार्बा रुजुकान डिजिताल याचं ते लघुरूप आहे, मला पण आधी गंमत वाटली.) तुम्हाला ती भाषा येत नसेल तर सगळं घेऊ नका, पण "आमचा अभ्यास इंग्रजी पेपरांपुरता आहे आणि त्यामुळे इंडोनेशियातला स्थानिक वाद यात कमी दिसतो" हे वाक्य लिहायला विसरू नका. तसंच अरबी आणि तुर्की.

डाऊनलोड करताना एक साधी गोष्ट. वेब ऑफ सायन्समधून फुल रेकॉर्ड अँड साईटेड रेफरन्सेस हा पर्याय निवडायचा, तो एका वेळी पाचशेच देतो म्हणून तुकडे तुकडे करून घ्यावं लागतं. स्कोपसमध्ये सीएसव्ही घेताना रेफरन्सेसच्या चौकटीत टिकमार्क आहे का बघा. मी ती टिक न करता सगळं डाऊनलोड केलं, तीन दिवस कीवर्ड साफ केले, मग को-सायटेशन (कुठले पेपर एकत्र सायट होतात ते) काढायला गेलो तर फाईलमध्ये रेफरन्सच नाहीत. परत पहिल्यापासून.

साफसफाई, आणि जिथे साफ करायचं नाही ती जागा

व्हॉसव्ह्यूअर हे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात बनलेलं फुकट सॉफ्टवेअर, निर्माते व्हॅन एक आणि वॉल्टमन, त्यांचा मूळ पेपर २०१० चा. त्यात थिसॉरस फाईल म्हणून एक सोय आहे, साधी टेक्स्ट फाईल, दोन कॉलम, पहिल्याचं नाव लेबल आणि दुसऱ्याचं रिप्लेस बाय. डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे बरोबर. यात एकवचन अनेकवचन, स्पेलिंग, हायफन वगैरे सगळं एक करून टाका. लेखकांच्या नावातही हे करावं लागतं. अरबी नावांतलं अल कधी हायफन लावून, कधी सुटं, कधी चिकटवलेलं असतं, मलेशियन आणि इंडोनेशियन नावांत आडनाव हा प्रकारच बऱ्याचदा नसतो, त्यामुळे डेटाबेस बापाचं नाव आडनाव समजतो आणि एकच माणूस तीन ठिकाणी तीन माणसं होतो. "सर्वाधिक पेपर लिहिणारे लेखक" हा टेबल तुम्ही न तपासता छापलात तर हमखास चुकलेला असणार.

आता महत्त्वाचं. हात शिवशिवतात तेव्हा लोक थिसॉरसमध्ये इस्लामिक टुरिझम, शरिया टुरिझम, मुस्लिम फ्रेंडली टुरिझम हे सगळं उचलून हलाल टुरिझममध्ये घालतात. नका घालू. कारण हे समानार्थी शब्द नाहीत, आणि एका शब्दावरून दुसऱ्यावर लोक कधी सरकले हीच तर तुमच्या हातातली सगळ्यात मोठी बातमी आहे. सुरुवातीच्या लिखाणात इस्लामिक टुरिझम जास्त दिसतं आणि ते राज्यसंस्था, धोरण, समाज यांच्याबद्दल बोलतं. हलाल टुरिझम हा शब्द येतो तेव्हा बोलणं मार्केट, ब्रँड, सर्टिफिकेट यांच्याकडे वळलेलं असतं, म्हणजे खाण्याच्या पाकिटावरचा शब्द प्रवासाला लागला. आणि मुस्लिम फ्रेंडली हा शब्द जपान, कोरिया, तैवान अशा ठिकाणी सोयीचा पडतो, कारण तिथलं हॉटेल स्वतःला हलाल म्हणवून घेऊ शकत नाही, बारमध्ये दारू आहे, किचन एकच आहे, पण नमाजाची चटई, किब्ल्याची (नमाजाच्या दिशेची) खूण आणि पोर्क नसलेला मेनू देऊ शकतं. कोरियात तर रेस्टॉरंटांची वर्गवारीच केलेली आहे, हलाल सर्टिफाईड वेगळं, मालकाने स्वतः जाहीर केलेलं वेगळं, मुस्लिम फ्रेंडली त्याच्याही खालचं. हे सगळं एका शब्दात कोंबलं की नकाशा देखणा होतो आणि सांगण्यासारखं काही उरत नाही.

उडी का आली ते शोधणं

परत माझ्या २०१६ कडे येऊ. उत्तर दोन निघाली. पहिलं, टुरिझम मॅनेजमेंट पर्स्पेक्टिव्हज या जर्नलने त्या वर्षी हलाल टुरिझमवर खास अंक काढला होता. बत्तूर आणि इस्माईल यांचा पेपर त्यातलाच, हातेम अल गोहारी यांचा "हे खरंच हलाल आहे का" असं विचारणारा पेपर त्यातलाच, न्यूझीलंडची हॉटेलं मुस्लिम पाहुण्यांसाठी कितपत तयार आहेत हे बघणारा रझाक, हॉल आणि प्रयाग यांचा पेपर त्या अंकातला नाही, पण त्याच जर्नलमधला आणि त्याच वर्षीचा. म्हणजे उडी घेतली ती एका संपादकीय निर्णयाने, आणि पुढे अनेक वर्षं सगळे याच अंकाला सायट करत राहिले म्हणून को-सायटेशनच्या नकाशातही मधोमध हाच घोळका बसलेला असतो. दुसरं, वेब ऑफ सायन्सने २०१५ च्या शेवटी इमर्जिंग सोर्सेस सायटेशन इंडेक्स सुरू केला, त्यामुळे आधी मोजली न जाणारी बरीच जर्नल्स मोजणीत आली. पाणी वाढलं नव्हतं, भांडं मोठं झालं होतं.

त्यामुळे माझा सल्ला असा की चार्ट काढल्यावर त्याच्याच खाली एक साधी टाइमलाइन काढा आणि त्यात बाहेरच्या घटना टाका. २००१ चे अमेरिकेतले हल्ले आणि त्यानंतर अरब प्रवाशांचं पश्चिमेऐवजी आपल्याच भागात फिरणं, याच पार्श्वभूमीवर अल हमारनेह आणि स्टाइनर यांचा २००४ चा इस्लामिक टुरिझमवरचा पेपर आला. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये क्रेसेंटरेटिंग ही कंपनी सुरू झाली. २००९ ला मलेशियाने इस्लामिक टुरिझम सेंटर काढलं. २०१० ला जर्नल ऑफ इस्लामिक मार्केटिंग सुरू झालं, म्हणजे छापायला हक्काचं घर मिळालं. २०१५ ला मास्टरकार्ड आणि क्रेसेंटरेटिंगचा ग्लोबल मुस्लिम ट्रॅव्हल इंडेक्स आला, त्याच वर्षी मलेशियाने मुस्लिम फ्रेंडली हॉस्पिटॅलिटीचं एमएस २६१० हे स्टँडर्ड काढलं, त्याच वर्षी इंडोनेशियातल्या लोंबोक बेटाला वर्ल्ड हलाल ट्रॅव्हल अवॉर्ड्समध्ये बक्षीस मिळालं. २०१६ ला इंडोनेशियाच्या उलेमा (धर्मपंडित) कौन्सिलच्या शरिया बोर्डाने शरिया पर्यटनावर फतवा काढला, नंबर १०८. २०१९ च्या सप्टेंबरात सौदीने टुरिस्ट व्हिसा उघडला. २०२० ला कोविड.

ही टाइमलाइन आणि चार्ट एकाखाली एक ठेवले की दिसतं, या विषयात रिसर्च बऱ्याचदा धोरणाच्या आणि बाजाराच्या मागून चालतो. सरकारने पैसा आणि नाव दिलं की दोन तीन वर्षांनी पेपरांचं पीक येतं. मलेशिया आणि इंडोनेशिया नकाशावर एवढे मोठे का दिसतात याचं अर्धं उत्तर इथे आहे.

त्या ग्लोबल मुस्लिम ट्रॅव्हल इंडेक्सबद्दल पण एक बोलून घेतो कारण प्रत्येक दुसऱ्या थिसिसच्या पहिल्या पानावर तो असतो. तो रिसर्च नाही, इंडस्ट्रीचा निर्देशांक आहे, आणि काढणारी कंपनी रेटिंग आणि ट्रेनिंगच्या व्यवसायातच आहे. त्यात देशांना ॲक्सेस, कम्युनिकेशन, एन्व्हायर्नमेंट आणि सर्व्हिसेस अशा चार खणांत गुण मिळतात. मलेशिया पहिल्या वर्षापासून वर आहे, २०१९ आणि २०२३ ला इंडोनेशिया त्याच्या बरोबरीला आला. पण हे गुण देश किती सोयीचा आहे याचे आहेत, तिथे गेलेला प्रवासी किती खूश झाला याचे नाहीत. "इंडेक्सनुसार पर्यटक समाधानी आहेत" असं वाक्य मी स्वतः दोन थिसिसमध्ये वाचलंय. आणि पुढच्या वर्षांचे अंदाज उचलताना तर कोविडच्या आधीच्या रिपोर्टातले आकडे तसेच ठेवू नका, २०२० ने सगळ्यांचे अंदाज धुऊन टाकलेत.

आता वाचन, म्हणजे खरं काम

नकाशा तयार झाला, रंगीत क्लस्टर (एकत्र येणाऱ्या शब्दांचे घोळके) आले, छान. (कीवर्ड किती वेळा आला तर धरायचा याची मर्यादा सॉफ्टवेअर स्वतःहून पाच देतं, ती तीन आणि दहा करूनही बघा, क्लस्टर मोडून पडत असतील तर त्यावर थिसिस उभा करू नका.) ओव्हरले व्ह्यू नक्की काढा, त्यात प्रत्येक शब्दाचं सरासरी वर्ष रंगात दिसतं, जुना शब्द निळा नवा पिवळा. पण क्लस्टरला नाव तुम्ही देणार, सॉफ्टवेअर नाही, आणि नाव देण्याआधी त्या क्लस्टरमधले निदान पाच सहा पेपर पूर्ण वाचा. ॲबस्ट्रॅक्ट नाही, पूर्ण.

मी एक्सेलमध्ये चारच कॉलम ठेवले होते. पेपर विचारतोय काय, जागा कुठली, प्रश्न विचारले कोणाला, आणि पद्धत कोणती. शंभरेक पेपर असे भरले की मग डोळ्यासमोर चित्र उभं राहतं आणि ते साधारण असं असतं.

सुरुवातीचा प्रश्न होता, इस्लाम आणि पर्यटन यांचं जमतं का. दिन १९८९ मध्ये हेच बघत होते की मुस्लिम देश पर्यटनाकडे कसे पाहतात, आणि प्रवास, पाहुणचार याबद्दल धर्मात जे आहे ते आधुनिक पर्यटनात कितपत उतरलंय. झमानी फराहानी आणि हेंडरसन यांनी २०१० मध्ये इराण आणि सौदी शेजारी ठेवून तपासलं. तिथे बोलणारी माणसं सरकारी, प्रश्न धोरणाचा.

मग प्रश्न बदलला, मुस्लिम प्रवाशाला लागतं काय. इथे ॲट्रिब्यूट्सच्या याद्या आल्या. हलाल जेवण, नमाजाची जागा, पाण्याची सोय असलेलं टॉयलेट, रमजानमधल्या सोयी, दारू आणि जुगार नसणं, बायकांसाठी वेगळा स्विमिंग पूल. त्याच सुमारास हेंडरसन यांचा शरिया कम्प्लायंट हॉटेलांवरचा पेपर, २०१० चाच.

मग या याद्यांचं रूपांतर मॉडेलमध्ये झालं. रियाद ईद आणि अल गोहारी यांनी २०१५ मध्ये मुस्लिम टुरिस्ट पर्सीव्ह्ड व्हॅल्यू मोजायचं स्केल दिलं आणि धार्मिकता मधे मॉडरेटर (संबंध कमीजास्त करणारा घटक) म्हणून घातली. त्यानंतर जो पूर आला तो आला. ॲट्रिब्यूट्स, त्यातून व्हॅल्यू, त्यातून सॅटिस्फॅक्शन, त्यातून लॉयल्टी, मधे रिलिजिओसिटी, डेटा कन्व्हिनियन्स सॅम्पलने (जे सहज भेटले त्यांच्याकडून) गोळा केलेला, ॲनालिसिस पीएलएस सेम (अशी बाणांची मॉडेलं तपासायची संख्याशास्त्रीय पद्धत). देश बदलायचा, बाकी तेच. मी हे चेष्टेने म्हणत नाहीये, एका क्लस्टरमधले सलग सात पेपर वाचल्यावर मला आठवेनासं झालं की कुठला बाण कुठल्या पेपरातला. हाही ट्रेंडच आहे बरं का, आणि तो लिहायला हवा, की या विषयात बराच काळ पद्धत एकाच खुंटीला बांधलेली राहिली.

या मॉडेलांत मला खटकलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती धर्माची माहिती नसेल तर दिसत नाही. मुसाफिराला इस्लाममध्ये सवलती आहेत. चार रकातींचा नमाज दोनवर आणता येतो, त्याला कसर म्हणतात, बऱ्याच फिकही (इस्लामी कायद्याच्या) मतांनुसार दोन नमाज एकत्र करता येतात, रमजानचा रोजा नंतर भरून काढता येतो. आता प्रश्नावली जर घरी पाच वेळा नमाज पढता का, रोजे ठेवता का अशी असेल आणि त्यावरून प्रवासातली गरज काढली असेल तर ती गरज तशीच्या तशी लागू पडत नाही. एखादा माणूस अतिशय धार्मिक असूनही प्रवासात नमाज जोडून पढतो म्हणून त्याला दुपारी वेगळी जागा लागतच नाही. वाचताना असा प्रश्न मनात आला की तो पाचव्या कॉलममध्ये लिहून ठेवा, पुढे तोच तुमचा गॅप (आधीच्या रिसर्चमध्ये राहिलेली जागा) होतो.

साधारण २०१६ नंतर चौथा प्रश्न जोर धरतो, मुस्लिम बहुसंख्य नसलेल्या देशांनी हे कसं करायचं. न्यूझीलंडचा पेपर वर आलाच. हीसुप हान, अम्र अल अन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं दक्षिण कोरियावरचं काम २०१९ चं, तिथे हलाल फ्रेंडली हा शब्द मुख्य आहे. जपान, तैवान, थायलंड, स्पेन असे इतरही. आणि याच्याबरोबर, थोड्या अंतराने, जरा अडचणीचे प्रश्न येतात. यजमान समाजाला काय वाटतं? बालीत हिंदू बहुसंख्य आहेत, तिथे हलाल टुरिझम हा शब्द आणला की विरोध होतो, तर लोंबोकमध्ये तोच ब्रँड म्हणून चालतो, दोन्ही बेटं शेजारी आहेत. कोणालाही सर्टिफिकेट न दाखवता हलालचा बोर्ड लावला तर त्यावर लगाम कोणाचा? एकट्या फिरणाऱ्या मुस्लिम बायकांचा अनुभव काय, आणि त्यांच्याकडे हिजाबमुळे विमानतळावर जे बघितलं जातं त्याला ॲट्रिब्यूटच्या यादीत कुठला खण? क्रेसेंटरेटिंगने सुद्धा नंतर आपल्या गरजांच्या यादीत इस्लामोफोबिया नसणं हे घातलं. हे पेपर मुलाखतींवर, सोशल मीडियाच्या पोस्टवर, प्रत्यक्ष राहून केलेल्या निरीक्षणावर उभे असतात, म्हणून कीवर्डच्या नकाशात ते काठावर बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. नुसता नकाशा बघणारा त्यांना सोडून देतो. मी सांगेन, आधी काठच वाचा.

गॅप लिहिताना "अमुक देशात हा अभ्यास झालेला नाही" एवढं पुरत नाही. त्या देशात असं काय वेगळं आहे ज्याने उत्तर बदलेल, हे सांगता आलं तर गॅप, नाहीतर ते फक्त रिकामं घर. माझ्या चार कॉलमात जे रिकामं राहिलं ते असं होतं: प्रश्न कायम पाहुण्यालाच विचारलेले, हॉटेलच्या किचनमधल्या माणसाला, टुरिस्ट गाईडला, टॅक्सीवाल्याला फार कमी. एकाच माणसाला प्रवासाच्या आधी आणि नंतर असं दोनदा विचारलेलं त्याहून कमी. आणि मुस्लिम प्रवासी म्हणजे एकच साचा धरलेला, मझहब (इस्लामी कायद्याचा पंथ), वय, पहिली पिढी की युरोपात जन्मलेली तिसरी पिढी, याने काही फरकच पडत नाही असं गृहीत धरून.

लिहायला बसल्यावर

सर्चची पूर्ण ओळ, तारीख, किती आले, किती कशामुळे काढले हे प्रिझ्मा २०२० (आढावा कसा केला ते मांडायची प्रमाण पद्धत) च्या फ्लो डायग्राममध्ये घाला, त्याचा नमुना फुकट मिळतो. काढलेल्या पेपरांचं कारण प्रत्येकासमोर एका शब्दात लिहून ठेवा, "हज मेडिकल", "मांस", "बँकिंग", असं, कारण व्हायव्हाला हे विचारतात आणि सहा महिन्यांनी काहीच आठवत नाही. तुमच्या आधी असे आढावे झालेत, वर्गास सांचेझ आणि मोरल मोरल यांचा २०१९ चा टुरिझम रिव्ह्यूमधला आहे, आणखीही आहेत, ते लपवू नका, उलट त्यांचा सर्च कुठल्या वर्षी थांबला आणि शब्द कोणते होते ते बघून तुमचा कुठे वेगळा पडतो ते पहिल्याच पानावर सांगा.

चार्ट ठेवा, मी काढून टाका म्हणत नाहीये, पण प्रत्येक उंच दांडीखाली एक ओळ लिहा की ही का उंच आहे. कारण माहीत नसेल तर त्या वर्षाचे सगळे पेपर जर्नलनुसार सॉर्ट करा, खास अंक असेल तर पाच मिनिटांत दिसतो. आणि चालू वर्षाची दांडी नेहमी बुटकी दिसते कारण वर्ष संपलेलं नसतं, ती एकतर काढा किंवा तारीख लिहा, "२०२५ मध्ये घट" असं विश्लेषण करून बसू नका, एका कॉन्फरन्समध्ये मी ते होताना बघितलंय आणि मागच्या रांगेतून हसू आलं होतं.

सबमिशनच्या दोन आठवडे आधी तोच सर्च परत मारा, त्याच ओळीने, फक्त नवीन तारखेपासून. माझ्या वेळेला त्यात अकरा पेपर नवीन निघाले आणि त्यातल्या एकाने माझा गॅप नंबर दोन आधीच भरून टाकलेला होता, मग रात्री बसून तो पॅरा बदलला.